ताडपत्रीची आतली बाजू

मित्रांनो, या, बसा. पण जरा अंतर राखून. कुणाच्या हातात कात्री नाही ना? बुटाला डांबर, खिशात ओला रंग? नसेल तर बरे. राग मानू नका, पण मी एक जुनी ताडपत्री आहे आणि माणसांवर चटकन विश्वास ठेवणे मला जमत नाही. झाकून ठेवणे हेच माझे काम. झाकलेल्या वस्तूकडे जो तो संशयाने बघतो, आणि आयुष्यभर तशा नजरा झेलल्या की आपली नजरही तशीच होऊन जाते.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबट कारखान्यात झाला. जाड सुती कापडाचे दोन पट्टे मधोमध जोडून मला शिवले. बाहेरच्या बाजूला हिरवा मेणाचा लेप दिला. आतली बाजू मात्र कोरीच ठेवली, फिकट पांढुरकी. आतून कोण बघणार, असा त्यांचा हिशेब असावा. काठाला पितळी कड्या ठोकल्या. मला शिवणारी बाई प्रत्येक टाका घातल्यावर दोन्ही हातांनी ओढून बघायची. तिचा स्वतःच्या हातांवरही विश्वास नव्हता. म्हणूनच माझी मधली शिवण आजवर उसवलेली नाही, हे मान्य करायला हवे.

उमेदीची वर्षे मी एका मालट्रकवर काढली. नाक्यानाक्यावर गाडी थांबायची. काठी घेतलेला शिपाई माझा कोपरा उचलून विचारायचा, "आत काय?" ड्रायव्हर म्हणायचा, "पोती." शिपाई विचारायचा, "पोत्यात काय?" आत खरोखर सिमेंटच असायचे, तरी काठीचे टोक माझ्या पोटात घुसायचेच. ड्रायव्हरही काही कमी नव्हता. जेवायला बसला तरी माझी दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून बसायचा. अशा दोघांच्या मधे वाढून मी आणखी काय शिकणार? पुढे त्याने निळी, चकचकीत, प्लॅस्टिकची ताडपत्री आणली आणि मला शहराच्या कचेरीच्या गोदामात विकून टाकले. इतकी वर्षे मी त्याच्यासाठी ऊनपाऊस अंगावर घेतला होता, पण निघताना त्याने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही.

गोदामाचा कारभार एका काकांकडे होता. सगळे त्यांना गोदामकाका म्हणत. त्यांनी मला अंगणात पसरले, चपला काढून माझ्याभोवती फिरले, वाकून वास घेतला, चष्मा कपाळावर चढवून एकेक इंच तपासला. गोदामातली वस्तू जशी गेली तशीच परत आली पाहिजे, हा त्यांचा नियम. डाग दिसला की नेणाऱ्याला दंड. "लोकांना उसनी वस्तू दिली की तिच्या अंगावर ते आपली सगळी घाण पुसतात," असे ते म्हणायचे. मग त्यांनी माझ्या एका कोपऱ्याला पत्र्याचा बिल्ला ठोकला. त्यावर कचेरीचा शिक्का आणि माझा नंबर होता. इथे ज्या वस्तूला बिल्ला नाही ती वस्तूच नव्हे, असे मला त्या दिवशी कळले.

माझे नवे काम ऐकून मात्र मी चकित झाले. कचेरीने एक योजना काढली होती. ज्यांचे नाव अजून कुणी ऐकलेले नाही, अशा नव्या कलाकारांना थोडे पैसे द्यायचे. त्यांनी चौकात, पुलाखाली, बागेच्या कुंपणाशी काहीतरी घडवायचे. ते एक हंगाम तिथे राहू द्यायचे, आणि मग काढून जागा होती तशी करायची. एका कलाकाराला ही संधी एकदाच. काम पूर्ण होईपर्यंत ते मी झाकून ठेवायचे आणि उद्घाटनाच्या दिवशी कचेरीच्या मोठ्या साहेबांनी दोरी ओढली की मी खाली पडायचे. एका हंगामात मोडायच्या गोष्टीवर पैसे कोण आणि का खर्च करतो, अशी पाल माझ्या मनात तेव्हाच चुकचुकली होती. पण माझे मत कोण विचारतो?

तरी सांगते, ते दिवस सुखाचे होते. एका तरुणाने जुन्या तारांचा घोडा केला होता. एका मुलीने पुलाच्या कठड्याला नळ्या बांधल्या होत्या, वारा आला की त्या गुणगुणायच्या. मी खाली पडले की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. त्या टाळ्या माझ्यासाठी आहेत असे मला बरेच दिवस वाटत होते. मग एकदा मी पडले आणि कुणीच टाळी वाजवली नाही.

त्याचे असे झाले. एक गोडबोल्या कलाकार आला. दाढी राखलेली, आवाज हळू. त्याने मुख्य चौकात मला चारी बाजूंनी ताणून बांधले आणि मग बरेच दिवस तो तिकडे फिरकलाच नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टेम्पोतून खुर्च्या आल्या आणि माझ्याखाली त्यांचा ढीग रचला गेला. दोरी ओढल्यावर लोकांनी खुर्च्यांकडे पाहिले, मग एकमेकांकडे. "ही रिकामी जागा आहे," कलाकार म्हणाला. "कुणाचीही वाट न पाहणारी." लोक विचारात पडले. काहींनी मानही डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याचा मेहुणा टेम्पो घेऊन हजर. "दाजी, झालं असेल तर खुर्च्या नेतो. सभागृहात उद्या कार्यक्रम आहे." आणि तो भर चौकातून सगळ्या खुर्च्या घेऊन गेला. पैसे घेऊन गोडबोल्याने कचेरीच्या हातावर तुरी दिल्या होत्या.

त्यानंतर शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता. रस्त्यात खड्डे आहेत आणि यांना कला सुचते, असे लोक उघड म्हणू लागले. वरून हुकूम आला की असा प्रकार पुन्हा एकदा घडला तर योजना कायमची बंद. प्रत्येक कामाची तपासणी करायला हिशेब खात्यातल्या एका बाईंना नेमले. त्यांना मी हिशेबबाई म्हणते. त्या वाईट नव्हत्या, पण कुणी पळवू नये म्हणून स्वतःचे पेन दोऱ्याने गळ्यात अडकवून फिरायच्या. मला त्या पाहताक्षणी आवडल्या.

अशा दिवसांत ती आली. दोन हातांत दोन बादल्या, खांद्याच्या पिशवीत ब्रश, दात घासायच्या जुन्या ब्रशांची एक जुडी आणि फडक्यांचे बोचके. गोदामातली माणसे तिला बादलीच म्हणू लागली आणि तिनेही ते नाव हसत घेतले. रंगाचा एक डबा नाही, तार नाही, लाकूड नाही. काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळले.

"सामान कुठंय?"

"हेच."

"याच्यात कसली कला? ही तर धुणंभांडी."

"काका, ताडपत्री देताय ना?"

"देतो. पण ऐकून ठेव, मागच्या माणसानं आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. हिच्यावर एक डाग जरी पडला तरी दंड भरावा लागेल. आतून, बाहेरून, दोन्हीकडून बघतो मी."

तिला मिळालेली जागा म्हणजे स्टेशनाकडे जाणारा भुयारी रस्ता. तिथली लांब भिंत गाड्यांच्या धुराने काळीकुट्ट झाली होती. बोट लावले तर बोट काळे व्हावे इतकी काजळी. भिंतीच्या वरच्या कडेला दोरी बांधून तिने मला टांगले, हिरवी बाजू रस्त्याकडे आणि कोरी बाजू भिंतीकडे. मधे तिला जेमतेम उभे राहता येईल एवढीच जागा. मग ती आत शिरली आणि भिंत पुसू लागली.

हो, पुसू लागली. पहिल्या दिवशी मला वाटले, आधी स्वच्छ करून मग रंगवणार असेल. दुसऱ्या दिवशीही पुसणे. आठवडा उलटला तरी पुसणेच. तेही नीट नाही. इथे हातभर जागा लख्ख, तिथे तशीच काळी सोडलेली. मी भिंतीच्या इतकी जवळ होते की मला समोर एक पांढरा तुकडा आणि एक काळा तुकडा याखेरीज काही दिसत नव्हते. कुठेतरी पाणी मुरतंय, असे मी स्वतःशी म्हटले. खुर्च्यांच्या ढिगानंतर मला कुणी शहाणपण शिकवायची गरज नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे ती मला मळवत होती. काजळीने भरलेले बोट ती माझ्या आतल्या बाजूला टेकवायची आणि वरून खाली सरळ ओढत न्यायची. कधी तळहात घासायची, कधी फडक्याचे टोक. मला गुदगुल्या व्हायच्या आणि रागही यायचा. मग ती मान वळवून माझ्याकडे बघायची, पुन्हा भिंतीकडे वळायची, थोडे पुसायची, पुन्हा माझ्याकडे. स्वतःची पाठ कुणाला दिसते का, सांगा बरे? मला वाटले, हात पुसायला फडके पुरत नाही म्हणून मला पुसणे केले आहे. काकांचे शब्द मला आठवत होते, आणि मनातल्या मनात मी तिचा दंड वाढवत होते.

संध्याकाळी तिची ताई यायची. बादली तिच्याकडेच राहायची. ताई रोज याच भुयारातून कामाला जायची. जड पिशवीमुळे तिचा एक खांदा कायम खाली झुकलेला. परत जाताना ती माझ्यापाशी थांबून बाहेरूनच बोलायची.

"झालं का गं?"

"होतंय."

"काय होतंय? मला बघू तरी दे."

"उद्घाटनाला बघ."

"नोकरी सोडून भिंत धुतेस. शेजारणी विचारतात, बहीण काय करते? मी काय सांगू?"

"सांग, भिंत धुते."

"आणि जमलं नाही तर? हे लोक पुन्हा उभं करणार नाहीत तुला."

आतून ब्रशाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मला तिची थोडी दया आली, पण दया आली म्हणून संशय जातो असे नाही.

मग एके दुपारी हिशेबबाई तपासणीला आल्या. माझा कोपरा उचलून त्या वाकून आत शिरल्या. आत इतकी अडचण की दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"काय केलंय इथं?" त्यांनी विचारले.

"पुसलंय, मॅडम."

"पुसायला आमच्याकडे माणसं आहेत. चित्र कुठंय?"

"पुसल्यावर जे उरलंय ते चित्र. मी वरून काही लावलेलंच नाही. सगळं इथल्याच काजळीचं आहे. हंगाम संपेपर्यंत गाड्यांचा धूर ते पुन्हा झाकून टाकेल. काढायचीही गरज नाही."

हिशेबबाईंनी मान मागे घेऊन बघायचा प्रयत्न केला, पण मागे मी होते. त्यांनाही माझ्यासारखाच एक काळा आणि एक पांढरा तुकडा दिसला असणार.

"बरं. बिल्ला कशाला लावू?"

"म्हणजे?"

"कचेरीच्या पैशातून जी वस्तू होते तिला बिल्ला लागतो. घोड्याला लावला, नळ्यांना लावला. तुमच्या कामात वस्तूच नाही."

"भिंत आहे ना."

"भिंत रस्ते खात्याची. तिला त्यांचा बिल्ला आहे." त्यांनी खरोखरच भिंतीच्या टोकाला ठोकलेला गंजका बिल्ला दाखवला. "एका वस्तूला दोन खात्यांचे बिल्ले लागत नाहीत. हे बघा, मी तुमच्या वाईटावर नाही. पण उद्या कुणी मला विचारलं की पैसे घेऊन या बाईनं काय दिलं, तर मी बोट कशावर ठेवू? बिल्ला नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे पैसे परत, आणि योजना बंद. खुर्च्यांचं प्रकरण विसरलेलं नाही कुणी."

बादली भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या पाठीला काजळी लागली तरी तिला भान नव्हते. "मग काय करायचं?" तिने विचारले.

"रस्ते खात्याची हरकत नाही एवढं तरी विचारून घेते," हिशेबबाई म्हणाल्या, आणि तिथेच माझ्या आडोशाला उभे राहून त्यांनी फोन लावला. मी कान टवकारून ऐकले. त्यांनी सगळे अगदी खरे सांगितले. भुयारातली तुमची भिंत आमच्या योजनेतून साफ केली जात आहे, काही भाग साफ झाला आहे, काही भाग मुद्दाम तसाच ठेवला आहे, शुक्रवारी संध्याकाळी साहेब येणार आहेत, तुमची काही हरकत? पलीकडच्या माणसाने हरकत नाही म्हणून सांगितले. हिशेबबाईंनी समाधानाने पेन पुन्हा गळ्यात सोडले.

मित्रांनो, पलीकडच्या माणसाच्या मनात काय आले असेल, याचा मी पुढे खूप विचार केला. साहेब येणार आणि आपली भिंत अर्धीच साफ, हे कुठल्या खात्याला सहन होईल? शुक्रवारी सकाळी रस्ते खात्याची पाण्याची मोठी गाडी भुयारात येऊन उभी राहिली. मुकादम उतरले. त्यांनी मला दोरीवरून सोडवले आणि गुंडाळता गुंडाळता भिंतीवर नजर टाकली.

"घासलंय चांगलं," ते आपल्या माणसांना म्हणाले. "पण मधे मधे माणसाएवढाले तुकडे सोडून दिलेत. दमले असतील बिचारे. चला, आपण पुरं करू."

"हिलाही एक फवारा मारू का? आतून बरबटलीय," एकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"नको. बिल्ला बघ. ती गोदामाची आहे, आपली नाही."

एवढे बोलून त्यांनी मला कठड्यावर टाकले. मी घडीत गुंडाळलेली, काळोखात. फक्त पाण्याचा जोराचा आवाज ऐकू येत होता. भिंतीवर काय होते ते मला शेवटपर्यंत दिसले नाही.

पाणी थांबल्यावर वाऱ्याने माझी घडी जराशी उघडली. बादली ताईला घेऊन आली तेव्हा भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख ओली होती. मुकादम कमरेवर हात ठेवून उभे होते. "बघा ताई, आहे का कुठं एक डाग?" ते तिला अभिमानाने म्हणाले. त्यांना खरेच वाटत होते की त्यांनी तिला मदत केली. तिने भिंतीवर तळहात टेकवला, हात पाहिला. हात स्वच्छ होता. मग ती रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली.

"अगं, काय झालं?" ताईने विचारले. "छान तर झालीय."

"ताई, ते गेलं. सगळं गेलं." आणि ती हमसून हमसून रडू लागली. मी इतक्या लोकांना उन्हातान्हात पाहिले आहे, त्यामुळे रडू खोटे आहे की खरे ते मला कळते. त्या क्षणी माझा तिच्यावरचा संशय संपला. पण माझ्या विश्वासाचा तिला काय उपयोग? मला बोलता येत नाही.

दुपारी गोदामात सगळे जमले. संध्याकाळी साहेब येणार होते आणि दाखवायला एक धुतलेली भिंत होती. हिशेबबाईंचा चेहरा उतरला होता. फोन त्यांनीच केला होता, हे त्यांना समजत होते.

"मी खरं तेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे, मॅडम."

"पण तिथं काही होतं, हे मी कशावरून सांगू? मी स्वतः पाहिलं नाही. तुमच्याशिवाय कुणीच पाहिलं नाही. आणि मुकादम म्हणतात, अर्धवट सफाई होती." त्या थांबल्या. "तुम्ही फसवलंत असं मी म्हणत नाही. पण फसवलं नाही, हे तरी कसं म्हणू?"

गोदामकाकांना असे नुसते उभे राहवत नाही. त्यांनी आपले काम काढले. "ती ताडपत्री इकडे आण आधी. तेवढी तरी तपासून जमा करतो."

बादलीने मला घट्ट धरून ठेवले. "काका, हिला धुऊन देते. उद्या देते."

"का? डाग पाडलेस?"

"आतून जरा मळलीय. मी हिच्यावर कच्चं काढून बघायचे, मग तसं भिंतीवर पुसायचे. दंड भरते मी."

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले. त्यांनी मला तिच्या हातातून ओढून घेतले आणि अंगणात पालथे पसरले. हिरवी बाजू खाली, आतली बाजू वर. चपला काढल्या. चष्मा कपाळावर चढवला. डाग कुठून कुठवर आहे ते बघायला ते वाकले, मग दोन पावले मागे सरले, मग आणखी मागे, गोदामाच्या पायरीपर्यंत. आणि तिथेच थांबले.

ताई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ही मी आहे."

"कुठं?" काकांनी विचारले.

"ही. खांदा बघा ना. पिशवीनं खाली गेलेला." आणि तिने स्वतःचा खांदा हाताने चाचपून पाहिला. "अगं, मी अशी चालते?"

"रोज," बादली म्हणाली.

मग एकेकाने एकेकाला ओळखले. भुयारातून रोज येणारी-जाणारी माणसे बादलीने काजळीने माझ्या अंगावर चालवली होती, खऱ्या माणसाएवढी. लंगडत जाणारा पेपरवाला, चालता चालता डुलकी घेणारी नर्स, आईच्या ओढणीला धरून मागे मागे जाणारे लेकरू. एका आकृतीपाशी हिशेबबाई थबकल्या. तिच्या गळ्यात दोऱ्याला पेन लटकत होते आणि मान जरा वाकडी करून ती कशाकडे तरी संशयाने बघत होती. हिशेबबाईंनी आपले पेन मुठीत धरले.

"हे कधी काढलंत?"

"तुम्ही तपासून गेलात त्या दिवशी."

हिशेबबाईंना हसू आले, पण त्यांनी ते लगेच आवरले. वाकून त्यांनी माझा कोपरा उलटला आणि तिथला पत्र्याचा बिल्ला अंगठ्याने पुसला. मग उभ्या राहून म्हणाल्या, "मंजुरी कशाला होती? भुयारी रस्त्यात, काजळीचं, तात्पुरतं चित्र. हे काजळीचं आहे. तात्पुरतं आहे. आणि वस्तू आपल्याच कचेरीची, बिल्ला आधीपासून लागलेला. मी बोट ठेवू शकते." त्यांनी काकांकडे पाहिले. "उलटी टांगून देता का?"

काकांचा जीव खालीवर झाला असणार. माझ्यावरचा डाग चारचौघांत टांगायचा, तेही आपल्या हाताने. पण ते नुसते "दोरी आणतो" म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी मी त्याच धुतलेल्या भिंतीवर टांगली गेले, या वेळी आतली बाजू रस्त्याकडे. माझ्यावर झाकण घालायला दुसरी ताडपत्री नव्हती, त्यामुळे साहेबांना ओढायला दोरीच उरली नाही. ते थोडे गोंधळले, मग त्यांनीच आधी टाळी वाजवली. कामावरून परतणारी माणसे थांबली, स्वतःला शोधू लागली, एकमेकांना दाखवू लागली. मुकादमही आले होते. ते सगळ्यांच्या मागे उभे राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघत होते. शेवटी बादलीजवळ जाऊन म्हणाले, "असं होतं होय ते? मला वाटलं, राहून गेलंय." ती म्हणाली, "तुम्ही धुतलंतही फार छान." दोघेही हसले.

मला मात्र माझ्यावरचे काहीच दिसत नव्हते. लोक कौतुक करत होते, पण लोकांचे काय, खुर्च्यांपुढेही त्यांनी मान डोलावली होती. तेवढ्यात माझे लक्ष खाली गेले. सकाळच्या धुण्याचे पाणी रस्त्याच्या कडेला अजून साचले होते. त्या पाण्यात, उलटी, थोडी थरथरणारी अशी माणसांची एक रांग चालली होती. इतके दिवस गुदगुल्या करणारी ती बोटे काय करत होती, ते मला तेव्हा कळले. मग एक सायकल त्या पाण्यातून गेली आणि सगळे मोडले. पण मी पाहिले होते.

हंगामभर मी तिथे राहिले. पहिल्या दिवसापासून काका अधूनमधून तपासायला यायचे. दोरी सैल झाली का, कुणी काही खरडले का. आले की आधी सगळ्या आकृत्यांवरून नजर फिरवायचे. ते त्यात नव्हते. ते कधी भुयारातून जातच नसत, त्यामुळे असण्याचे कारणही नव्हते. पण माणसाला वाटायचे ते वाटतेच. एकदा ते तसे बघत असताना बादली आली होती. काका गेल्यावर तिने फुटपाथच्या कडेची काजळी बोटावर घेतली आणि माझ्या मधल्या शिवणीवर काहीतरी छोटेसे काढले. मला तिथे गुदगुल्या झाल्या नाहीत, कारण शिवण जाड आहे. पुढच्या खेपेला काका आले, शिवणीपाशी थांबले, आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ताईने खांदा चाचपला होता, तसे त्यांनी आपले कपाळ चाचपून पाहिले. परत जाताना त्यांनी माझी दोरी दोनदा ओढून बघितली.

हंगाम संपला. नियम म्हणजे नियम, ताडपत्री गेली तशीच परत आली पाहिजे. बादलीने मला गोदामाच्या अंगणात पसरले आणि आपल्याच बादल्यांनी, आपल्याच ब्रशांनी धुवायला घेतले. ताई पाणी ओतत होती. पेपरवाला गेला, नर्स गेली, लेकरू आणि त्याची आई गेली. ताईचा खांदा आला तेव्हा बादली थांबली. "धू," ताई म्हणाली. "मी इथं आहेच की." योजना पुढच्या वर्षीही चालू राहणार होती. हिशेबबाईंनी त्या दिवशी सकाळीच तसे सांगितले होते, आणि कुणा नव्या कलाकारासाठी मी लागणार होते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. नव्या माणसाच्या हाताला काळे लागलेले दिसले तर ते कशाचे आहे ते आधी नीट बघा. संशय घ्या, मी नको म्हणणार नाही. मी अजूनही घेते. पण मळलेली वस्तू धुवायला टाकण्याआधी ती एकदा उलटून बघा, आणि बघताना दोन पावले मागे सरा. माझ्यासारखे फार जवळ उभे राहू नका.

संध्याकाळी मी वाळले तेव्हा काका तपासायला आले. चपला काढल्या, चष्मा कपाळावर, एकेक इंच. मधल्या शिवणीपाशी त्यांचे बोट थांबले. त्या दुहेरी, जाड टाक्यांतून काजळी काही केल्या निघत नाही, हे बादलीला माहीत होते. ती मान खाली घालून उभी राहिली. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्या बारीकशा काळ्या आकृतीवरून बोट फिरवले.

"डाग नाही," ते म्हणाले, आणि ती बाजू आत घेऊन त्यांनी माझी घडी घातली.